खालच्या पाड्याचा वाटा

"बाई, जरा इकडे या. बाही वर करा."

आमचा अभ्यास चालवणारे सर असं म्हणाले तेव्हा मी भिंतीला लागून उभी होते. जव्हारच्या एका विश्रामगृहाचा हॉल. समोर दिल्लीहून आलेल्या समितीची तीन माणसं, पुढ्यात काजूच्या बश्या. आमच्या अभ्यासाला पुढची दोन वर्षं सरकारी निधी द्यायचा की नाही, हे ही तीन माणसं ठरवणार होती. मला सांगितलं होतं, दोन मिनिटं तुलाही बोलायचंय. चार दिवस पाणी भरताना मी तेच तोंडातल्या तोंडात घोकत होते.

मी पुढे गेले. वाटलं, माझी पाळी आली. सरांनी माझा दंड धरला आणि त्याच्याभोवती घेर मोजायची पट्टी गुंडाळली. मोठ्या बायांसाठी असते ती लांब पट्टी. लाल म्हणजे कुपोषित, पिवळा म्हणजे काठावर, हिरवा म्हणजे बरा. सरांनी पट्टी ओढली, वाचली आणि माझा हात तसाच धरून समितीकडे वळवला.

"यलो. ज्यांना आम्ही मोजायला पाठवतो, त्याही यलोच आहेत. इथली परिस्थिती यावरून समजून घ्या."

तिघं हसले. वाईट हसले असंही नाही. मोठी माणसं चहाबरोबर हसतात तसे. त्यांच्यात एक बाई होत्या. त्यांनी फोटो काढू का म्हणून विचारलं. मला नाही, सरांना विचारलं. फोटो निघाला. मग सर म्हणाले, "जा, आता चहाचं बघ."

माझी दोन मिनिटं त्यात गेली. मी बी.ए. आहे. जव्हारला एसटीनं जाऊन-येऊन शिकले. दोन्ही पाड्यांतल्या प्रत्येक पोराचं नाव, जन्म, वजन मला तोंडपाठ होतं. कपात चहा ओतताना राग सरांचा येत नव्हता, माझ्या दंडाचा येत होता. इतकी मी तेव्हा त्यांची झालेली होते.

आमचं गाव मोखाड्याच्या बाजूला. फाट्यावर उतरायचं आणि पुढे पायी. दोन पाडे, मध्ये ओहोळ. वरच्या पाड्यात मी सून म्हणून आले. खालच्या पाड्यात माझी धाकटी बहीण काशी दिलेली. मुंबईच्या एका संस्थेनं इथं सरकारी पैशावर अभ्यास सुरू केला आणि मला कामाला घेतलं. शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर घातलेल्या गोड पुड्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांना रोज एक. त्यानं वजन किती वाढतं ते बघायचं. पण पुड्या एकाच पाड्याला द्यायच्या. दुसऱ्या पाड्याच्या पोरांची नुसती वजनं घ्यायची, तुलनेसाठी. तसं केल्याशिवाय फरक पुडीनंच पडला हे सिद्ध होत नाही. सरांनी हे मला नीट समजावलं होतं आणि मला पटलंही होतं. सिद्ध झालं की सगळ्या तालुक्याला पुड्या मिळतील, आणि तोवर खालच्या पाड्याला अंगणवाडीचा आहार आहेच, असं ते म्हणाले.

कोणत्या पाड्याला द्यायच्या ते चिठ्ठीनं ठरलं. शाळेच्या पडवीत. चिठ्ठी मी उचलली. सर म्हणाले, तू दोन्हीकडची, तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही. वरचा पाडा निघाला. टाळ्या वाजल्या. काशी आठ महिन्यांच्या सोनीला कडेवर घेऊन उभी होती, तीही सोनीचे हात धरून टाळ्या वाजवत होती.

अभ्यास आम्हाला नवे नाहीत. आमच्या भागावरचा प्रस्ताव असला की पहिल्या पानावर वावर-वांगणी असायचीच. ब्याण्णव-त्र्याण्णवला तिथली पोरं कुपोषणानं गेली, तेव्हापासून शहरातल्या शिकलेल्यांना आमच्यावर लिहायला विषय कमी पडलेला नाही. ते पहिलं पान सरांसाठी मीही एकदा टाईप केलंय.

आता चूक कुठे झाली ते सांगते. सरांच्या भाषेत, चूक आमची.

आमच्यात बाहेरचं काही खायचं घरात आलं की ओहोळापलीकडे वाटा जातो. खेकडे मिळाले, वाटा. परड्यातली पहिली काकडी, वाटा. कोणी कोणाला आठवण करून देत नाही. त्याच सवयीनं पुड्याही निम्म्या खाली जायला लागल्या. माझ्या घरातूनही जात होत्या. माझा पोरगा अर्धी खायचा, अर्धी सोनीला. मी बघत होते. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. सोनीच्या मांड्यांना वळ्या पडायला लागल्या होत्या, मी कशाला लिहीन?

समितीनं त्या दिवशी माझा फोटो काढून झाल्यावर नेमकं तेच विचारलं. ज्यांना पुडी नाही त्यांचीही वजनं कशी वाढली? फरकच नसेल तर निधी कशासाठी? फरक दाखवायला सरांना सहा महिन्यांची मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवशी सरांची गाडी गावात. शिमगा होऊन गेलेला, वीटभट्टीवर गेलेली माणसं परतलेली. सगळ्या आयांना पडवीत बसवलं.

"पुड्या कोण वाटतं?" सरांनी विचारलं.

"समदीच वाटतां," माझी सासू म्हणाली. तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"ही चोरी आहे. कळतं का? सरकारचा पैसा आहे हा."

"साहेब, एक पोर खाल न दुसरा बघल, आसा आमच्यात नाय."

सर माझ्याकडे बघून हसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणूनच तुम्ही लोक आहात तिथेच आहात."

बायांनी माना खाली घातल्या. मीही घातली. त्या दिवसापासून नवा नियम झाला. पुडी माझ्यादेखत भरवायची, रिकामं पाकीट माझ्याकडे द्यायचं. आणि सकाळी मी ओहोळाच्या उतारावर उभं राहायचं. खाली पुडी जाता कामा नये.

मी उभी राहिले. निधी गेला तर पुड्या सगळ्यांच्याच जातील, असं स्वतःला सांगत होते. माझी नोकरीही जाईल, हे सांगायचं टाळत होते.

एका सकाळी काशी आमच्याच घरातून निघाली. सासूनं तिच्या पदराला पुडी बांधून दिलेली. मी तिला उतारावर अडवली आणि पदराची गाठ सोडली. तिला आधी वाटलं मी थट्टा करतेय. हसली. मी पुडी पिशवीत टाकली तेव्हा तिचं हसू गेलं.

"बाय, सोनी वाट बघत आसल," ती म्हणाली.

रिकामा पदर खांद्यावर टाकून ती खाली उतरली. त्यानंतर ती आमच्या घरी आलेली नाही.

चैत्र गेला, वैशाख गेला. खालच्या पाड्याच्या वजनांची रेघ कागदावर खाली यायला लागली. सर खूष झाले. फोनवर म्हणाले, "आता दिसतोय फरक. छान काम केलंस." दोन वर्षांत पहिल्यांदा मला कोणी छान म्हटलं होतं. मी दर महिन्याला सोनीला झोळीत घालून काट्याला टांगत होते. आधी ती पाय झाडायची, काटा स्थिर राहायचा नाही. ज्येष्ठात टांगली तेव्हा काटा लगेच स्थिर झाला. ती नुसती माझ्याकडे बघत होती. पाड्यात तशी गप्प झालेली अजून तीन पोरं होती. मी काशीला म्हटलं, दवाखान्यात ने. तिनं माझं ऐकणं सोडलं होतं. सरांना सांगितलं. सर म्हणाले, नियमाप्रमाणे पाठवायची चिठ्ठी दे. मी चिठ्ठी दिली. आभाळ भरून आलं होतं, ओहोळाचं पाणी चढत होतं, आणि मी चिठ्ठ्या लिहीत होते.

आषाढ संपता संपता सोनीला जुलाब लागले. ओहोळ दोन्ही काठ घेऊन वाहत होता. चौघांनी तिला आणि काशीला वरच्या अंगानं जंगलातून फाट्यापर्यंत आणलं. जीप यायला वेळ लागला. सोनी फाट्यावरच गेली. जीप आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, तरी नेऊ या जव्हारला. काशी म्हणाली, "आता कशाला नेतां?"

पाचव्या दिवशी सरांचा फोन आला. श्रावण लागला होता.

"ऐकलं मी. वाईट झालं. फॉर्मवर काय लिहिलंस?"

"अजून काही नाही लिहिलं."

"स्थलांतर लिही. मृत्यू लिहिलं की चौकशी लागते, निधी थांबतो. बाकीच्या पोरांचा विचार कर. तुमच्याकडे जातातच की सगळे पोटासाठी."

मी दारात उभी होते. समोर खाचरांत लावणी उरकत आलेली, बाया गुडघाभर चिखलात, पलीकडे उतारावर नाचणीची रोपं लावायची घाई. श्रावणात आमच्याकडचं माणूस गाव सोडत नाही. सोडतात ते भात घरात आल्यावर, दिवाळीनंतर. इतकी वर्षं आमच्यावर अभ्यास करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. किंवा असेलही. वाचणाऱ्याला ठाऊक नाही, याची त्याला खात्री होती. पोरगी मेली तर मेली, तिचं मरणसुद्धा हा माणूस तिच्या नावावर राहू देणार नव्हता. माझ्या अंगातली भीती तिथं संपली. खरंच संपली, मला ते कळलं.

"श्रावणात आमचं कोणी जात नाही, साहेब."

"ते कोण तपासणार आहे?"

"मी तपासलंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

फॉर्मवर लिहिलं, मृत्यू. कारणाचा रकाना बोटभर होता, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. दोन्ही पाडे पुड्या वाटून खात होते तोवर दोन्हीकडची पोरं वाढत होती. अर्धी अर्धी पुडीही त्यांना लागू पडत होती. ही गोष्ट शोधून काढायची होती तर ती आमच्या बायांनी आधीच काढली होती. संस्थेनं त्याला चोरी म्हटलं आणि वाटा बंद केला. बंद करायला ओहोळावर मी उभी होते. खाली माझी सही. एक प्रत संस्थेला, एक समितीला, मोखाड्याहून रजिस्टर पोस्टानं.

अभ्यास बंद झाला. गाडी आली आणि काटे, रजिस्टरं, शिल्लक पुड्यांची खोकीसुद्धा घेऊन गेली. निधी थांबला की माल वाटता येत नाही म्हणे. माझी नोकरी गेली. चौकशीचं पुढे काय झालं, मला कोणी कळवलं नाही. वरच्या पाड्यातल्या बाया विहिरीवर मला ऐकवतात, "हिच्या लिवण्यानं पोरांच्या तोंडचा गेला." त्या खोटं बोलत नाहीत. माझ्या पोराच्या तोंडचंही गेलं. काशीची मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडत राहिली. तिनं मला माफ करावं असं फार वाटतं. का करावं, ते मात्र मला सांगता येत नाही.

काशीला यंदा मुलगा झाला. पाच महिन्यांचा आहे. सोनीसारखाच, अंगानं बारीक. आणि परवा फाट्यावर पांढरी गाडी उभी दिसली. नवी संस्था, नवा निधी. डॉक्टर तरुण आहे, नम्र आहे. मला ताई म्हणाला, ओट्यावर बसून आमच्या लोट्यानं पाणी प्यायला. पण कागद तोच. मी सगळा वाचला. पाचव्या पानावर दोन रकाने आहेत, मिळणारा पाडा आणि न मिळणारा पाडा. पुढच्या महिन्यात सुरू करायचंय. काशीचं पोर तेव्हा सहा महिन्यांचं होईल, म्हणजे त्यांच्या रकान्यात बसेल.

त्यांना ग्रामसभेचा ठराव हवा आहे. आमचं गाव आदिवासी भागाच्या पेसा कायद्यात येतं, सभेला विचारल्याशिवाय त्यांना इथं पाऊल टाकता येणार नाही. "नुसती फॉर्मॅलिटी आहे हो ताई," तो म्हणाला.

अभ्यास नको असं मी म्हणत नाही. आमची पोरं का मरतात ते कोणीतरी शोधलं पाहिजे आणि त्यासाठी सरकारनं पैसा दिला पाहिजे. भर पावसात मध्येच काढून घेतला नाही पाहिजे. तो पैसा आमच्या पोरांची नावं सांगून मागितला जातो, मग तो कसा खर्च होणार ते त्यांच्या आयांसमोर बोला.

रविवारी सभा आहे. सगळ्यांच्या आधी मी उभी राहणार. डॉक्टरला म्हणणार, तुम्ही ज्याला देणार नाही आणि नुसतं बघत बसणार, त्या पोराचं नाव इथं घ्या. त्याच्या आईकडे बघून घ्या. काशी पुढेच बसलेली असेल. घेता येत नसेल तर दोन्ही पाड्यांना द्या आणि सिद्ध करायची दुसरी तऱ्हा शोधा, तुम्ही शिकलेले आहात. ते म्हणतील, मग निधी परत जाईल. विहिरीवरच्या बाया म्हणतील, हिनं पुन्हा घालवलं. म्हणू देत. आमचं एकही पोर उपाशी ठेवून बघायला मी हात वर करणार नाही, आणि त्या सभेत दुसरा हात वर गेला तर तोही खाली घेतल्याशिवाय बसणार नाही.