नाथाजीची जीभ

नाथाजी कोळेकर कवठे महांकाळकडचा, मेंढपाळाच्या घरातला. १९७४ साली सांगलीच्या आमच्या प्रयोगशाळेत तो उंदीर सांभाळायचा. दोन वर्षं हंगामी होता, जूनमध्ये कायम होणार होता. मग बायकोला, हरणाबाईला, सांगलीत आणायचं ठरलं होतं.

मी तिथे संशोधन सहायक. संशय हा माझा जुना रोग. दूध निरसं असलं तरी मी त्यात पाणी शोधतो.

काम असं, की उंदराला लाकडी वाटांच्या भूलभुलैयातून खाण्यापर्यंत जायला शिकवायचं, मग त्याच्या मेंदूतला बारीकसा भाग जाळायचा आणि वाट आठवते का ते पाहायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांच्या मते ती आठवायला नको होती. आमचे उंदीर मात्र सरळ खाण्यापाशी जायचे. मला वाटलं, जाळलेले मरत असणार आणि नोकरीच्या भीतीने नाथाजी त्यांच्या जागी धडधाकट ठेवत असणार.

मी गुपचूप उंदरांच्या कानांवर खुणा केल्या. आठ दिवस तपासलं, उंदीर तेच होते. तरी मन मानेना. नाथाजी जत्रेला गावी गेला तेव्हा वाटेच्या टोकाला खाण्याचे हरभरे मी ठेवले, तर तेच उंदीर वाटेत भांबावून फिरत राहिले. झालं, माझी खात्री पटली. हा लबाडी करतो, अशी लेखी तक्रार मी सरांकडे दिली.

सरांनी त्याला आमच्यादेखत काम करायला लावलं. त्याने टोकाला हरभरे ठेवले आणि जिभेने हलकेच चुचकारलं. उंदीर आवाजाच्या रोखाने नीट आला. इतके दिवस माझी नजर त्याच्या हातांवर होती, कान मी दिलाच नव्हता.

हे काय करतोस, असं सरांनी विचारलं, तर आपण चुचकारतो हे त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरात चुचकारल्याशिवाय जनावरापुढे कुणी चारा टाकत नाही.

जीभ आवर, जूनमध्ये कायम करतो, असं सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाथाजी तोंडाला पटक्याचा शेव दाबून उभा राहिला. उंदीर अर्धा तास भुकेला फिरला. सर खूश झाले आणि माझी नेमणूक आणखी दोन वर्षांसाठी वाढली.

तिसऱ्या दिवशी त्याने पिंजऱ्यांच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. मला शरम वाटली. तक्रार मागे घेतो, असं मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या सायेब. उंदराची वाट आपुनच मोडायची, आन वर गप बघत बसायचं, ह्ये मला जमायचं न्हाई."

त्याच्या जागेसाठी चौघं आले. घरी जनावरं आहेत का, एवढंच मी विचारलं, आणि हो म्हणालेल्या तिघांना परत पाठवलं.