न सांगितलेल्या बाह्या

मास्टर कापड परत ढकलायचे. एका बोटाने. तुम्ही काउंटरवर ब्लाउजपीस ठेवलं आणि हिंदीत तोंड उघडलं, की त्यांची तर्जनी पुढे यायची आणि कापड हळूहळू सरकत तुमच्या पोटापर्यंत यायचं. मग कानामागचा खडू काढून, चष्म्याच्या वरून बघत ते म्हणायचे, "कन्नडदल्ली हेळी." म्हणजे कन्नडमध्ये सांगा. आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. भांडायची सोयच नाही हो अशा माणसाशी.

एचएसआर लेआउटमध्ये आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक काउंटर आणि गिऱ्हाइकाला बसायला प्लास्टिकचं स्टूल. मास्टर साठीच्या पुढचे, टक्कल पडलेले, गळ्यात कायम टेप. शेजारी दोन चकचकीत बुटीक होती आणि तिथे इंग्रजीतून स्वागत व्हायचं, पण ब्लाउज बसावा तर मास्टरांच्याच हातचा. गरज आम्हाला होती, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

मी पुण्याची. हे मी सांगायच्या आधीच लोकांना कळतं, असं माझा नवरा म्हणतो. महादेवपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात सगळं इंग्रजीत नाहीतर हिंदीत चालायचं, त्यामुळे पाच वर्षांत माझं कन्नड एकाच वाक्याचं झालं होतं: "कन्नडा गोत्तिल्ला." कन्नड येत नाही. ते मात्र मी इतक्या सफाईने म्हणायचे, की ऐकणाऱ्याला संशय यावा.

पहिल्याच भेटीत मी मास्टरांना हिंदीतून सुनावलं. हा माझाच देश आहे, मी टॅक्स भरते, कन्नड आलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? मास्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "कुठेच नाही. ब्लाउज पाहिजे का?"

पाहिजे होता. मी मोबाइलवर शोधून गळा कसा, पाठ कशी, हे कन्नडमध्ये वाचून दाखवलं. बाह्यांचा शब्द काही सापडेना, म्हणून कोपरावर हात आपटून दाखवला. मास्टरांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं. ऑफिसातल्या गणपतीच्या आदल्या दिवशी ब्लाउज हातात आला. शिलाई देखणी, फिटिंग चोख, आणि बाह्या नाहीत!

"बाह्या कुठायत?" मी किंचाळलेच. मराठीत. राग मला मराठीतच येतो.

"नीवु हेळलिल्ला," मास्टर म्हणाले. तुम्ही सांगितलं नाहीत. आणि वही पुढे केली. वहीत गळा होता, पाठ होती, बाह्या नव्हत्या. हा त्यांचा कायदा होता. तोंडातून कन्नडमध्ये निघेल तेच वहीत जाणार आणि वहीत असेल तेच शिवलं जाणार. हातवारे त्यांच्या हिशेबी नव्हतेच. मी ब्लाउजची पिशवी उलटी केली, तर तळाच्या दोन बाह्या पडल्या. कोपरापर्यंतच्या. बेतून, कापून, काठ आत दुमडून, नुसत्या लावायच्या ठेवलेल्या! म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळलेलं होतं. शेजारच्या फुलवालीने मला बाहेरून ओरडून शब्द सांगितला, "तोळु!" मी दातओठ खात तो म्हटला. दहा मिनिटांत बाह्या लागल्या.

तेव्हापासून मी सूड घ्यायला सुरुवात केली. सूड म्हणजे काय, तर दुकानात स्टुलावर बसून पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावायचा आणि मास्टरांच्या तोंडावर, गोड हसत, मराठीत त्यांचा उद्धार करायचा. "अगं, इथे बसलेय त्या टकल्यासमोर. खवीस आहे नुसता. चष्मा बघ कसा नाकावर टांगलाय मेल्याने." मास्टर मशीन चालवत असायचे. मधूनच माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचे. परमुलखात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे सुख एकदा तरी घेतलेलं असतं. खोटं बोलू नका, तुम्हीही घेतलं असेल.

दीडेक वर्ष असं मजेत गेलं. मग आईला आणलं.

वडील गेल्यावर आई कराडला एकटीच राहत होती. जिन्यात एकदा चक्कर येऊन पडली आणि दोन तास कुणाला पत्ता नव्हता. भाऊ अमेरिकेत. मी जाऊन तिला उचलूनच आणली म्हणा ना. पण कराडला दारात उभी राहिली तरी चार जणांशी बोलणारी बाई, ती इथे आठव्या मजल्यावर गप्प झाली. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. कामवालीशी बोलावं तर ती कन्नड. महिनाभरात आईने जेवण निम्म्यावर आणलं.

"दिवाळीपर्यंत बघते," ती एका सकाळी म्हणाली. "नाहीतर मला कराडला नेऊन सोड. पडले तर पडले. इथं काय भिंतींशी बोलू?"

तिला तिथे एकटं ठेवणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आणि इथे तिला काय देऊ, हे माहीत नव्हतं.

तिला गोधडी शिवायची हौस. म्हणून चिंध्या मागायला मी तिला मास्टरांकडे घेऊन गेले. आईने सरळ मराठीत सुरुवात केली, "अहो मास्टर, ह्या चिंध्या टाकूनच देता ना? मला द्या की."

"कन्नडदल्ली हेळी, अम्मा."

मला त्या माणसाचा गळा आवळावासा वाटला. मी आईच्या कानात सांगितलं, कापड म्हणजे बट्टे, हवं म्हणजे बेकु. आईने शाळेतल्या पोरीसारखं हात मागे बांधून म्हटलं, "बट्टे बेकु." मास्टरांनी पिशवीत हात घातला आणि वीतभर लाल पट्टी दिली. एक. आईने हिरवीकडे बोट दाखवलं. मास्टरांनी मान हलवली आणि बाहेर फुलवालीकडे बोट दाखवलं. जा, तिला विचारून या.

आई गेली. मला वाटलं, आता रडत घरी जाईल. अर्ध्या तासाने आली ती डोक्यात मोगऱ्याचा गजरा माळून. "हसिरु!" काउंटरवर हात आपटून म्हणाली. हिरवी पट्टी मिळाली.

मग ते रोजचंच झालं. पिवळ्यासाठी नारळवाल्याकडे, निळ्यासाठी मेडिकलवाल्याकडे. रंग संपल्यावर मास्टरांनी वाक्यं काढली. फुलवालीला मुलं किती, ते विचारून या. नारळवाल्याचं गाव कुठलं, ते विचारून या. एका बातमीला एक चिंधी. आई संध्याकाळी मला सगळं सांगायची आणि जेवताना दुसऱ्यांदा भात घ्यायची. दुकानात मात्र ती मास्टरांशी तासन्‌तास मराठीतच बोलत बसायची, वडिलांबद्दल, कराडबद्दल, माझ्याबद्दलही, आणि ते "हां, हां" करत कन्नडमध्ये काहीतरी म्हणायचे. मला वाटायचं, बिचारी, दगडाशी बोलतेय.

दिवाळीला आठवडा राहिला असताना मी एक साडी फॉल-पिकोला द्यायला गेले. मास्टर माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते.

"होय गं, आलोच की. भाताला स्वल्प वेळ हाय अजून. आणि सारात चिंच कमी घाल. काल तोंड आंबून गेलं माझं."

माझ्या हातातली साडी खाली पडली. मास्टर वळले.

"तुम्ही मराठी आहात?"

"घरात तेवढं," मास्टर म्हणाले. "आमचे लोक इथं येऊन तीनशे वर्षं होऊन गेली." मग चष्मा पुसत, अगदी गंभीरपणे, "टकल्या कळत होतं, बाई. खवीस शब्द नवा होता, तो मी बायकोला विचारला. तिलाबी येत नव्हता. पुण्याचं मराठी लई श्रीमंत."

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण लाज फार वेळ टिकली नाही, कारण पाठोपाठ आई आठवली आणि मी भडकले. "माझी आई इथे मराठी बोलायला तडफडतेय! दिवाळीनंतर परत चाललीय ती, एकटी राहायला. आणि तुम्ही समोर बसून नुसतं हां हां करता? माणूस आहात की कोण?"

मास्टर पहिल्यांदाच मऊ आवाजात बोलले. "मी मराठी बोललो असतो, तर अम्मा रोज इथं आल्या असत्या आणि इथूनच घरी गेल्या असत्या. बाहेर कशाला बघतील? माझं काय, दोनदा हार्टचं झालंय. मी गेलो की परत मुक्या होतील की त्या."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मी पुण्याची असूनही कबूल करते. पण आईला ठेवून घ्यायचा दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. त्याच संध्याकाळी मी तिला सांगून टाकलं, "आई, मास्टर मराठी आहेत. आता कराडला जाऊ नकोस. हवं तेवढं बोल त्यांच्याशी."

आई गोधडीला टाके घालत होती. मानही वर केली नाही. "पहिल्याच आठवड्यात कळलंय मला. कराडच्या शेजारणीची नक्कल केली, तर हातातली सुई खाली पडेपर्यंत हसले."

"मग बोलली नाहीस ती?"

"त्यांनी एवढा डाव मांडला होता, मोडायचा कशाला? आणि जाणार कुठं मी? फुलवालीच्या लेकीचा साखरपुडा आहे तुळशीच्या लग्नानंतर. मला बोलावलंय."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने रडले, आणि थोडं अपमानानेही. सात वर्षांत मला कुणी साखरपुड्याला बोलावलं नव्हतं.

उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी एका दुपारी मला ऑफिसात आईचा फोन आला. "मास्टर गेले गं. सकाळी, झोपेतच."

"तुला कुणी सांगितलं?"

"गल्लीत सगळे बोलत होते," आई म्हणाली. तिला कुणी काही मराठीत सांगितलं नव्हतं. तिने ऐकलं होतं आणि तिला कळलं होतं. मला कळवणारी तीच होती.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीला टेकवलेला फोटो, त्यातही गळ्यात टेप. त्यांच्या बायकोने आईचा हात धरून जवळ बसवलं. म्हणाल्या, "रोज घरी येऊन सांगायचे, आज अम्मा काय काय बोलल्या ते. म्हणायचे, अम्मांचं कन्नड एकदा पक्कं होऊ दे, मग मी मराठीत बोलणार त्यांच्यासंगट. लई विचारायचं होतं त्यांना. तुमच्याकडं नदी कशी असते, गाव कसं असतं. आमच्यात कुणी बघितलेलंच नाही तिकडचं."

मला वाटलं, आई आता मराठीत बोलेल, समोर मराठीच बाई आहे. पण ती फोटोकडे वळून बसली आणि कन्नडमध्ये सांगायला लागली. "नम्म ऊरल्ली एरडु नदी इवे." आमच्या गावात दोन नद्या आहेत. एक कृष्णा, एक कोयना. समोरासमोर येऊन भेटतात. ती थांबत थांबत बोलत होती, पण थांबत नव्हती. संगम सांगितला, घाट सांगितला, संध्याकाळी वडिलांबरोबर फिरायला जायची ते सांगितलं. आणि मग अडली. काठच्या वाळूचा शब्द तिला येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. मला कुठला यायला?

आईने डोळे पुसले, फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाळवंट, मास्टर. आम्ही वाळवंट म्हणतो."

"कळलं त्यांना," मास्टरांची बायको म्हणाली. "सांगा पुढं."