बॅनरवरचा मधला शब्द

टाचणीआजीला टाचणीआजी का म्हणत, याची दोन कारणं होती. काम करताना तिच्या ओठांत कायम चार-दोन टाचण्या धरलेल्या असत आणि त्या न काढताच ती बोलत असे, हे एक. दुसरं कारण तिच्याशी बोलायला गेलेल्या माणसाला आपोआप कळे. "पडदे उद्या मिळतील का?" असं कुणी विचारलं, की टाचण्यांच्या फटीतून उत्तर येई, "उद्या मिळतील. सरळ हवे असतील तर परवा या." गिऱ्हाईक मुकाट्याने परवा येई.

तिची कामाची खोली रस्त्यापेक्षा खाली होती. पायऱ्या उतरून आत यावं लागे, आणि खिडकी नेमकी फुटपाथाच्या पातळीला असल्यामुळे बाहेरून जाणारी माणसं तिला फक्त घोट्यापर्यंत दिसत. पण तेवढ्यावर तिचं भागे. मास्तरांनी दोन पायांत दोन तऱ्हेचे मोजे घातलेत म्हणजे बायको गावाला गेली आहे, हे गल्लीत सगळ्यात आधी तिला समजलेलं असे.

पडदे, अभ्रे, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे झेंडे, काय म्हणाल ते ती शिवे. पण तिचं नाव होतं ते बॅनरसाठी. जाड कापडावर दुसऱ्या कापडातून कापलेली अक्षरं ठेवायची, त्यांच्या कडा आत दुमडायच्या आणि बारीक टाका घालत ती हाताने बसवायची. या कामाच्या आसपास ती शिलाई मशीनला फिरकू देत नसे. तिच्या मते मशीन म्हणजे घाई झालेल्या माणसांची सोय.

तिच्याकडचा सगळ्यात जुना बॅनर मंडळाचा. तिच्या माणसांचे आजे-पणजे धुलाईघरात काम करायला बोटींतून या शहरात आले होते. उतरलेली माणसं काळीकुट्ट होती, शहरातली बाकीची तशी नव्हती, आणि एवढ्या भांडवलावर शहराने पुढच्या सगळ्या पिढ्यांना वेगळी गल्ली, वेगळा नळ आणि वेगळं नाव देऊन टाकलं. गल्ली-नळाची भांडणं केव्हाच मिटली. नावाचं भांडण मात्र दर पिढीला नव्याने उकरलं जाई. बॅनरवर वर लिहिलं होतं 'अखिल', खाली 'कामगार मंडळ' आणि मधे लाल कापडात 'रंगीत'. आता अखिल म्हणजे तरी काय, तर एक धुलाईघर आणि त्याच्यामागची गल्ली. तरी वर्धापनदिनाच्या मिरवणुकीत तो बॅनर उभा राहिला की भल्याभल्यांची छाती फुगे.

मधला शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा जाड होता. हात फिरवला की खाली अजून काहीतरी आहे असं लागे. कुणी विचारलंच तर आजी म्हणे, "अस्तर आहे," आणि विषय संपे.

यंदा मंडळाचा मोठा वर्धापनदिन होता. मंडळाचा अध्यक्ष महिनाभर आधीच पायऱ्या उतरून आला. बॉयलरच्या आवाजात ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता, की त्याची बायकोसुद्धा त्याला भोंगा म्हणे. त्याच्या मागून आजीची नात आली. ती धुलाईघरात वाफेच्या इस्त्रीवर काम करायची, मंडळाची सचिव होती आणि आईबापांमागे आजीनेच तिला वाढवलं होतं. स्वतःच्याच घरी ती आज पाहुण्यासारखी अंग चोरून उभी राहिली, तेव्हाच आजीला वास आला.

"आजी, तुमच्याशिवाय बॅनर कोण करणार?" भोंगा गरजला.

"लोणी नंतर लाव. काम बोल."

भोंग्याने नातीकडे पाहिलं. नातीने छताकडे पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, "मधला शब्द बदलायचं ठरलंय. रंगीत नको. आता कुणी तसं म्हणत नाही. 'काळे' लिहायचं. अखिल काळे कामगार मंडळ."

आजीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. हे ती दोनच वेळी करी, एक जेवताना आणि दुसरं कुणाची धडगत नसताना.

"माझ्या घरात तो शब्द नको."

"मास्तर म्हणत होते, 'कृष्णवर्णीय' करा," भोंगा मधे पडला. "सभ्य आहे. पेपरात येतो."

"पेपरात कधी येतो? आपल्यातला कुणी पकडला गेला की येतो. बाकी दिवस कुणी विचारतं का? आणि मास्तरांना म्हणावं, तो शब्द कापडातून आधी कापून दाखवा. डोळे जातील."

"मग काय ठेवायचं?"

"आहे तो काय वाईट आहे?"

"आजी, पेन्सिली रंगीत असतात," नात म्हणाली. "माणसं रंगीत म्हणजे काय? आणि आपण रंगीत, तर बाकीचे काय बिनरंगाचे?"

भोंग्याला हसू फुटलं. आजीने नुसतं पाहिलं, तसं ते परत आत गेलं. पण जाता जाता त्याने घोळ घातलाच. म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. आम्ही फ्लेक्स छापून घेतो. दुपारी दिला की संध्याकाळी हातात."

आजीने कात्रीने पायऱ्या दाखवल्या. अध्यक्ष आवाज न करता निघून गेले.

आजी एवढी का भडकली, ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी ती धुतलेल्या कपड्यांची गाठोडी घरोघर पोचवायची. वाटेत कोपऱ्यावर पावाचं दुकान होतं. तिथल्या पायरीवर पोरं बसलेली असत. ती दिसली की "ए काळे! ए काळे!" सुरू होई. गाठोडं डोक्यावर असल्यामुळे तिला कान झाकता येत नसत, आणि दगड मारायलाही हात मोकळा नसे. दुकानातली मोठी माणसं हसत असत. मोठी झाल्यावर ती त्या कोपऱ्यावरून जायचीच बंद झाली. घरातला पाव ती आजही लांबच्या दुकानातून आणी. इतकंच काय, मंडळाची मिरवणूक त्या कोपऱ्याजवळ आली की दरवर्षी तिचा गुडघा दुखू लागे आणि ती मागच्या गल्लीतून घरी येई. डॉक्टरांना त्या गुडघ्यात काही सापडलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना आजी म्हणाली, "फ्लेक्सच्या मागे मी चालणार नाही. आणि त्या शब्दाच्या मागे तर मुळीच नाही." नातीने ताट बाजूला सारलं. आजीच्या कडेवर बसून पहिली मिरवणूक पाहिल्यापासून तिने एकही मिरवणूक आजीशिवाय काढली नव्हती. पण माघार घेईल तर ती आजीची नात कसली!

सुट्टीच्या दिवशी आजी दोरा आणायला बाहेर पडली. नातीला वाटलं, निदान जुना शब्द आपण उसवून ठेवू, पुढचं पुढे पाहू. तिने बॅनर टेबलावर पसरला, ब्लेड घेतलं आणि 'रंगीत'च्या एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. हेतू चांगला होता. पण बॅनर कधी उसवायचा नाही हा त्या खोलीतला पहिला नियम होता. उसवलं की कापडाला भोकं पडतात आणि कापड तिथूनच फाटतं. बदल करायचाच झाला तर जुन्यावर नवं बसवायचं, हे तिला नीट माहीत होतं. तिला फक्त घाई झाली होती.

आजी परत आली तेव्हा लाल कापडाचा कोपरा वर आलेला होता, आणि त्याखाली निळं कापड दिसत होतं. त्या निळ्या कापडावर अक्षरं होती.

"कुणी सांगितलं होतं उसवायला?" आजी ओरडली.

"आजी, हे काय आहे?"

"अस्तर."

"अस्तरावर कधी अक्षरं असतात का?" नातीने लाल कापड अजून थोडं उचललं आणि वाचलं, "पर... मुलखी. परमुलखी?"

आजी स्टुलावर बसली. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"बॅनर धुलाईघराच्या मालकांनी दिला होता," ती म्हणाली. "शब्दही त्यांचाच. परमुलखी म्हणजे बाहेरून आलेले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हाच घेऊन चालायचे सगळे. मी म्हटलं, माझा जन्म याच गल्लीतला, माझ्या आईचाही इथलाच. मी परमुलखी कुठून झाले? तेव्हा आम्ही तरुण पोरं रंगीत म्हणायचो. आमचा आम्ही निवडलेला शब्द होता तो. मस्त वाटायचं."

"आणि पणजी?"

"सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. म्हणाल्या, रंगीत म्हणजे आपण काय चिंध्या आहोत? लोक म्हणतील, धुलाईघरातली आहेत, एक दिवस धुऊन रंग जाईल. परमुलखी म्हणतात तर म्हणू दे, निदान काम देतात. माझ्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस मी एकटीच शब्द बसवायला घेतला. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, सरक तिकडे, टाका वाकडा घालतेस. अर्धा शब्द त्यांनी शिवलाय."

नात हसायला लागली. "म्हणजे भांडण तूच सुरू केलंस!"

"मी तुझ्यासारखी ब्लेड घेऊन बसले नव्हते," आजी म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. हसून झाल्यावर तिने अगदी हळू विचारलं, "खरं सांग. तुमचा तो नवा शब्द तुला लागत नाही?"

"लागतो की." नात कापडावरून बोट फिरवत राहिली. "पण शाळेत मला काळी कुणी म्हटलंच नाही. सगळे सुशिक्षित ना! बाई म्हणायच्या, 'ती तसल्या लोकांतली आहे, सांभाळून घ्या.' दुकानात गेले तरी कुजबुज, तसल्या वस्तीतली. तसल्या म्हणजे कसल्या, ते कुणी तोंडातून काढायचं नाही. जणू आपलं नाव घेतलं तर जीभ विटाळेल. त्यापेक्षा काळी बरी. मी काळी आहे. आरशात बघते तर चांगली दिसते. मग ते मोठ्याने म्हणायला काय झालं?"

आजीला फार वाईट वाटलं. "मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तू कात्री घेऊन शाळेत आली असतीस."

"आले असतेच."

मग आजीनेही पहिल्यांदाच पावाच्या दुकानाची हकिकत सांगितली. गाठोडं, पायरीवरची पोरं, हसणारी मोठी माणसं आणि तो खोटा गुडघा, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता नातीचे डोळे भरले. नव्या शब्दासाठी आणलेला काळ्या कापडाचा गठ्ठा तिने उचलून बाजूला ठेवला. "मग राहू दे, आजी. मला माहीत नव्हतं. रंगीतच राहू दे. भोंग्याला मी बघून घेते."

"ठेव तो इथे," आजी म्हणाली. "तुझा शब्द आहे ना? मग तू शिव. मी बघणारसुद्धा नाही."

आणि ती खरंच पाठ करून पडद्याला रिंगा लावत बसली. नातीने लाल कोपरा परत टाचून टाकला, त्यावर पिवळी पट्टी घातली आणि अक्षरं कापायला घेतली. 'का' कसाबसा जमला. 'ळ' मात्र कापताना असा झाला, की तो बटाटा आहे की अक्षर हे सांगणं कठीण. तिने तो तसाच ठेवून टाके घालायला सुरुवात केली. इकडे आजीची पाठ होती खरी, पण समोर भिंतीला गिऱ्हाइकांचा आरसा होता. पहिला टाका तिने सोसला. दुसरा सोसला. तिसऱ्याला ती उठलीच.

"सरक तिकडे! हे घेऊन फिरणार तुम्ही गावभर? माणसं काळी आहेत का वाकडी, असं विचारतील लोक!"

तिने तो 'ळ' उचलून चिंध्यांत टाकला. नवं कापड घेतलं, खडूने दोन गोल काढले आणि एका दमात कापला. असा गरगरीत, ऐटदार 'ळ' त्या खोलीत आजवर झाला नव्हता. मग ओठांत टाचण्या घेऊन ती बसली ती 'ळे'ची मात्रा लागेपर्यंत उठली नाही. लहानपणी कानांवर आदळलेला शब्द तिच्याच बोटांखाली गपगुमान बसत होता. नात शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. आजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलंही नाही. हात रिकामे नव्हते.

मिरवणुकीच्या दिवशी बॅनरच्या एका काठीला नात होती आणि एका दोरीला आजी. भोंगा पुढे घोषणा देत होता. बॅनर आता मधे आणखी जाड झाला होता आणि वाऱ्याने तिथे कमी फडफडत होता. पावाचं दुकान जवळ आलं तशी नातीने आजीच्या गुडघ्याकडे नजर टाकली. आजी चालत राहिली.

कोपऱ्यावर बघ्यांची गर्दी होती. तिथल्या बऱ्याच जणांनी तो शब्द वाचला आणि नजर दुसरीकडे वळवली. दुकानाच्या पायरीवर एक गोरी बाई उभी होती आणि तिच्यापुढे तिची लहान मुलगी. मुलगी नुकतीच वाचायला शिकली असावी, कारण समोर दिसेल ते ती मोठ्याने वाचत होती. "अ-खि-ल," तिने वाचलं. "का-ळे..."

आईने घाबरून तिचं तोंड दाबलं. "श्श! असं म्हणायचं नसतं!"

आजी थांबली. तिच्या हातात दोरी होती, त्यामुळे बॅनर थांबला, आणि बॅनर थांबला म्हणून मागची मिरवणूक एकमेकांवर आदळून थांबली. भोंग्याची घोषणा अर्धवट राहिली. आजी त्या पायरीपर्यंत गेली.

"हात काढा तिच्या तोंडावरचा," ती म्हणाली. "बरोबर वाचलंय तिने."

बाईने हात काढला. आजी मुलीकडे वाकली.

"पुन्हा वाच, बाळ. घाबरू नकोस. मोठ्याने वाच."

मुलीने आधी आईकडे, मग आजीकडे आणि मग बॅनरकडे पाहिलं. "अखिल काळे कामगार मंडळ," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"शाबास," टाचणीआजी म्हणाली. "ते मी शिवलंय."