मोकळ्या मेमरीचा ध्यास

राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायला लागले तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. रिपोर्टसाठी कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी सिस्टीम घालू या, हा हट्ट माझा. डॉक्टरांनी तो माझ्या शब्दावर मानला आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. मशीन रडलं की जुनी सिस्टीम परत येणार आणि मी हातकणंगल्याला घरी बसणार, हे न सांगताही कळत होतं.

मेमरी किती मोकळी आहे ते दाखवणारी एक कमांड असते. ती मी दर पाच मिनिटांनी मारायचे. सकाळी आकडा भरपूर, दुपारपर्यंत तळाला. लॅबचं काम ते किती, आणि मेमरी जातेय कुठे? मी मुळात घायकुती. आकडा घसरला की मी मशीन बंद करून पुन्हा चालू करायचे. तेवढा वेळ बाकावरचे पेशंट माझ्याकडे बघत बसायचे. शेवटी डॉक्टरांना सांगितलं, मेमरी कमी पडतेय. त्यांनी आणखी बसवून दिली. दोन दिवसांत तीही भरली.

"शनिवारपर्यंत बघू," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर जुनंच बरं होतं."

गुरुवारी आकडा पुन्हा तळाला गेला. रीतसर बंद करायचाही धीर मला उरला नव्हता. सरळ बटण दाबलं. मशीन चालू झाल्यावर कोडोलीच्या एका आजोबांचा किडनीचा रिपोर्ट गायब. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं आणि रिपोर्ट न्यायला आलेला मुलगा समोर उभा होता.

"ताई, तुम्ही सेव्हच केला नसणार," मी आमच्या टेक्निशियन बाईंवर डाफरले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"केलता की. पडद्यावर आलतं बी तसं," ताई म्हणाल्या. मग त्या मुलाला, "पावणं, बसा अर्धा तास." फ्रीजमधल्या रॅकमधून आजोबांच्या रक्ताची नळी काढून त्यांनी पुन्हा तपासायला घेतली.

रॅक खचाखच भरलेला. माझा राग अजून उतरला नव्हता. तपासून झालेल्या नळ्या टाकून का देत नाही, असं मी विचारलं.

"कशाला? डाक्टर परत इचारत्यात. नवी आली आन् जागा न्हाय, की सगळ्यात जुनी काढायची. रजिस्टरला चढली नसंल तर आधी चढवायची, मग टाकायची. रॅक मोकळा ठिवून काय त्याची पूजा करायची हाय?"

संध्याकाळी लिनक्सचं जाडजूड पुस्तक काढून मेमरीचं प्रकरण पहिल्यांदा नीट वाचलं. कर्नल, म्हणजे मशीनचा सगळा कारभार बघणारा मुख्य प्रोग्रॅम, मेमरी उगाच रिकामी ठेवतच नाही. डिस्कवरून एकदा वाचलेलं तो जवळ ठेवतो, पुन्हा मागितलं तर चटकन देता यावं म्हणून. कुणाला जागा लागली की बरेच दिवस कुणी न मागितलेलं आधी काढतो. नवीन लिहिलेलंही थोडा वेळ मेमरीतच असतं, आणि डिस्कवर उतरवल्याशिवाय ते तो टाकत नाही. ताईंनी सेव्ह केलं होतं. ते उतरायच्या आत मी बटण दाबलं होतं. आणि खरोखर हाताशी असलेली मेमरी त्याच कमांडच्या खालच्या ओळीत लिहिलेली असायची, भरपूर असायची. ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. मला भयंकर लाज वाटली.

शुक्रवारी मशीनला हात लावला नाही. हात सारखे शिवशिवत होते. आकडा तळाला होता आणि काम सुरळीत चाललं होतं.

शनिवारी डॉक्टर खूश होते. "नव्या मेमरीनं काम केलं म्हणायचं."

नुसतं हो म्हटलं असतं तरी नोकरी पक्की होती. ताई शेजारीच नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. गुरुवारचं खापर अजून त्यांच्याच डोक्यावर होतं.

"मेमरी आधीपासून पुरेशी होती," मी म्हणाले.

"म्हणजे मशीन चांगलं होतं?"

"हो."

"मग रोज दुपारी काम कोण बंद पाडत होतं?"

"मी," म्हटलं. "आणि गुरुवारचा रिपोर्टही मीच घालवला."