शोभाताईंना न सोडणारा पॉइंटर

“मॅडम, पावणेचार वाजता मी घरी भाकरी थापून राहिली होती. अन् तुमचं यंत्र म्हणते का मी इथं धागे तोडून राहिली!”

शोभाताई नांदगाव पेठच्या एका सूतगिरणीत सायडर आहेत. सायडर म्हणजे कताईच्या मशीनवर तुटलेले धागे जोडणारी. त्यांच्या मशीनवर आमचं पॅनल ट्रायलला लावलं होतं. कोणाच्या पाळीत किती धागे तुटले, ते मोजणारा प्रोग्राम माझा. शोभाताईंची पाळी तीनला संपायची, तरी पुढचे धागेही त्यांच्याच नावावर चढत होते. जास्त धागे तुटतात म्हणून त्यांना दोन मेमो मिळाले होते. तिसऱ्याला काम जाणार होतं.

मी अकोल्याहून निघाले तीच कारण शोधून. पॅनलवर ‘आले’ आणि ‘जाते’ अशी दोन बटणं होती. आपल्याकडे बायका निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. म्हणून त्या बटण दाबत नसणार. हे मी ईमेलमध्ये ‘सांस्कृतिक अडचण’ म्हणून कळवलंही होतं. गिरणीत आल्यावर शोभाताईंनाही तेच सांगितलं.

शोभाताईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मशीन का माही सासू आहे, तिले ‘येते’ म्हणायले? रोज दाबतो मी बटन. मी तर गेली, तुमचं यंत्रच मले सोडून नाही राहिलं!”

पॅनलचा लॉग, म्हणजे नोंदींची यादी, उघडला. बटण रोज तीनला दाबलेलं होतं.

मग कोड उघडला. C++ या प्रोग्रामिंग भाषेत काम झालेली ‘वस्तू’, म्हणजे माहितीचा गठ्ठा, मेमरीतून काढावी लागते. त्यासाठी शेअर्ड पॉइंटर असतो. वस्तूला किती जणांनी धरलंय, ते तो मोजतो. शेवटच्यानं सोडलं की वस्तू आपोआप जाते. “सगळीकडे शेअर्ड लावा, कटकट नको,” असं मी ज्युनिअर्सना शिकवायचे. स्वतःही तेच केलं होतं. प्रोग्राममध्ये पाळी ही एक वस्तू, धागा तुटला की नोंद करणारा अलार्म ही दुसरी. पाळीनं अलार्मला धरलं होतं. नाव कळावं म्हणून अलार्मनं पाळीला धरलं होतं. पॅनलनं दोघांना सोडलं, पण ते एकमेकांना सोडेनात. अलार्म जिवंत, आणि दुसऱ्या पाळीतले धागेही शोभाताईंच्या नावावर. ट्रायल दोनच पाळ्यांत होतं; दुसरी संपली की रात्री पॅनल रीस्टार्ट व्हायचं, म्हणून फटका फक्त सकाळच्या बाईला.

अलार्मकडे वीक पॉइंटर दिला. तो वस्तूला ओळखतो, धरून ठेवत नाही. बदल एका ओळीचा.

तीनला शोभाताईंनी बटण दाबलं आणि घरी न जाता पॅनलसमोर उभ्या राहिल्या. सव्वातीनपर्यंत सात धागे तुटले. एकही त्यांच्या नावावर चढला नाही.

“मेमो मागे घेतो,” प्रॉडक्शन मॅनेजर वानखडे साहेब म्हणाले, “पण चूक कोणाची, ते लेखी द्या.”

मी लिहिलं, ‘आमच्या टीमची.’

“टीम म्हणजे कोन? एक नाव लिहा ना, मॅडम,” शोभाताई म्हणाल्या.

माझं नाव लिहिलं. वस्तूचा मालक एकच असावा. चुकीलाही एकच.