मास्तरांची पिवळी गाडी

माझ्या वडिलांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली आणि स्वतः क्वचितच चालवली. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. त्या सीटवर बाबांचं आयुष्य गेलं. स्टिअरिंगवर कुणीतरी घामाघूम झालेलं आणि शेजारी बाबा, पाय ब्रेकवर, एक हात कधीही स्टिअरिंग धरता येईल असा अर्धवट उचललेला. शिकणारे त्यांना तोंडावर मास्तर म्हणायचे आणि पाठीमागे ब्रेकमास्तर. रस्त्यावर शेळी दिसली की शेळीच्या आधी बाबा थांबायचे.

मला मात्र त्यांनी शिकवलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "घरच्या माणसाला शिकवायला गेलं की भांडणं होतात," म्हणायचे. भांडणं तशीही होतच होती. शेवटी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका स्कूलमध्ये शिकले आणि लायसन्स आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. खोटी नोट पाहावी तसं त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "त्यांच्याकडे कोणीही पास होतं." मग आमटीत मीठ कमी आहे का, हे विचारलं.

आता मी रुग्णवाहिका चालवते. भोंगा लावून, गर्दीतून वाट काढत, मागे कुणीतरी श्वासासाठी धडपडत असताना. वेगाचं मला काडीचं कौतुक नाही, त्याचा मला पगार मिळतो. पण खरं सांगायचं तर एकदा तरी बाबांनी माझ्या शेजारी बसावं आणि "बरं चालवतेस" एवढं म्हणावं, याची मला भूक होती. चौतिशी आली तरी ती गेली नाही. रुग्णवाहिकेत त्यांना बसवायचं तर आधी त्यांना आजारी पडावं लागलं असतं, आणि आजारी पडायलाही ते घाई करणाऱ्यांतले नव्हते.

नजर कमी झाली तशी त्यांनी आपली ड्रायव्हिंगची शाळा बंद केली. महिनाभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चुका काढल्या. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "मला एक स्पोर्ट्स कार घ्यायचीय. जुनी मिळतेय."

आई वाढता वाढता थांबली. "तुम्हाला? अहो, मी दूध तापवत ठेवलं तर तुम्ही मागून येऊन गॅस बारीक करता."

"आयुष्य दुसऱ्या गिअरमध्ये गेलं," बाबा म्हणाले. "एकदा मोकळ्या रस्त्यावर सोडून बघायचीय." आणि माझ्याकडे वळून, "तू येशील का बरोबर? तुला इंजिनातलं कळतं."

तुला कळतं! हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. मला त्या क्षणी ते फार आवडले. सुट्टी टाकून गेले मी.

गाडी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची होती. तो आता दातांचा डॉक्टर झाला होता आणि त्याला मूल झाल्यामुळे दोन सीटची गाडी पुरेनाशी झाली होती. हायवेच्या तोंडाशी पेट्रोलपंपावर त्याने ती आणून उभी केली. पिवळीधमक, इतकी बुटकी की आधी बूड आत टाकायचं, मग डोकं आणि शेवटी पाय गोळा करून घ्यायचे. मी खाली वाकून चेसिस पाहिली, टायर पाहिले, इंजिन गार असताना चालू करून आवाज ऐकला. कुठे तेल गळत नव्हतं, कुठे वेल्डिंग नव्हतं. माणसाने जीव लावून ठेवलेली गाडी होती.

आधी बाबांनी चालवली. मी शेजारी. रस्ता रिकामा, सरळ, आणि काटा विसाच्या पुढे सरकेना. मागून एक ट्रॅक्टर आला आणि आम्हाला ओलांडून गेला. "सीट फार खाली आहे," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने, "आरसा लहान आहे." नाचता येईना अंगण वाकडं. त्यांच्या कपाळावर घाम होता. तोच घाम, जो ते जन्मभर दुसऱ्यांच्या कपाळावर बघत आले होते. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "तू चालव. मी बघतो."

मी काय करत होते ते मला नीट माहीत होतं. पट्टा लावला, आरसे लावले, मागे पाहिलं, सगळं त्यांच्या पुस्तकाप्रमाणे. मग गाडी सोडली. असं इंजिन मी कधी हातात घेतलं नव्हतं. पाय नुसता टेकवला की पाठ सीटमध्ये रुतायची. शेजारी धप्प आवाज झाला. बाबांनी ब्रेक दाबला होता. तिथे ब्रेक नव्हता, नुसती चटई होती. पुन्हा धप्प. पुन्हा. मी हसले. "बाबा, ही शिकवणीची गाडी नाही."

पुढे एक टँकर होता. समोरून कोणी नव्हतं, लांबपर्यंत दिसत होतं, जागा इतकी होती की रुग्णवाहिका दोनदा गेली असती. मी इशारा दिला आणि बाहेर काढली. टँकरच्या बरोबरीला आले आणि बाबांनी हात घातला. स्टिअरिंगला. दोन्ही हातांनी त्यांनी ते स्वतःकडे खेचलं, टँकरच्या बाजूला. मी जोर लावून उलटं फिरवलं. टँकर वाचला, आम्ही वाचलो, आणि दुसऱ्या बाजूच्या कठड्याला गाडी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत घासत गेली.

थांबल्यावर मी इंजिन बंद केलं. मी वाट बघत होते.

"मी वाचवलं," बाबा म्हणाले.

पंपावर आम्हाला बघून दातांचा डॉक्टर खुर्चीवरून उठला. मी अजून बाहेर पडत होते तोवर बाबा बोलून मोकळे झाले, "पोरीच्या हातून झालं. वेग आवरला नाही तिला. गाडी आता मीच घेतो, तुमचं नुकसान नको." ठरलेल्या भावात घेतली. शहरभर त्यांचं कौतुक झालं. पोरीची चूक बापाने पदरात घेतली म्हणे. आई तेवढी म्हणाली, "यांनीच हात घातला असणार." पण आईला विचारतो कोण.

माझ्या डेपोचे साहेबही बाबांचेच विद्यार्थी. त्यांनी बोलावून घेतलं. "वडिलांची गाडी ठोकलीस म्हणे?" मी झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर खोटं कशाला बोलतील?" आणि तातडीच्या फेऱ्यांवरून मला काढलं. आता मी तपासणीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांची ने-आण करते, भोंगा न लावता. परवा एक आजी म्हणाल्या, "बाई, जरा भरभर घे, तिथे रांग असते."

मी बाबांना विनवलं. होय, विनवलं. "साहेबांना एवढंच सांगा की स्टिअरिंग तुम्ही ओढलं. मला माझं काम परत मिळेल." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघतो."

काल दुपारी डेपोच्या फाटकातून पिवळी गाडी रांगत रांगत आत आली. पत्रा ठोकून, रंग देऊन चकचकीत केलेली. बाबा उतरले, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून. साहेब ऑफिसच्या दारातच उभे होते. मी मनाशी म्हटलं, उशिरा का होईना, आले. मी हात पुसत पुढे झाले.

बाबांनी साहेबांना नमस्कार केला, खुशाली विचारली आणि बस्स. मग त्यांनी शेजारच्या सीटचं दार माझ्यासमोर उघडलं. आत, चटई कापून, त्यांच्या जुन्या फिटरकडून दुसरा ब्रेक बसवून घेतला होता. नवं रबर, आमच्या शाळेच्या गाडीला असायचं तसंच.

"आता भीती नाही," ते म्हणाले. किती खुशीत होते! "आता तू चालव. जिथे म्हणशील तिथे जाऊ."

"साहेबांशी बोललात?"

"ते राहू दे गं. तुझ्यासाठी केलंय हे. बस."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, स्वतः शेजारच्या सीटवर आधी बूड, मग डोकं, मग पाय असे आत गेले आणि पट्टा लावला. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी देताहेत. तेच मला सहन झालं नाही. मी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि रुग्णवाहिका घेऊन माझ्या तपासणीच्या म्हाताऱ्यांना आणायला निघाले. फाटकातून बाहेर पडताना आरशात पाहिलं. बाबा तसेच बसून होते, पाय ब्रेकवर ठेवून, आणि चालवायची सीट रिकामी होती.