वर्लाचं पिस्तूल ठरेना

शेजारच्या घरी चोरी झाली आणि वर्ला स्टॉकेचं नशीब उघडलं. नशीबच म्हणायचं, कारण एरवी नाताळापुरता उगवणारा तिचा मुलगा डेल डेन्व्हरहून दर रविवारी फोन करू लागला. नवरा गेल्यापासून मोंटानाच्या त्या माळावर तिच्याशी बोलायला होता फक्त फ्रिज, आणि तोही नुसता घरघरायचा.

"आई, एकटी असतेस. एखादं पिस्तूल घे. बाबांची लांब बंदूक घरातल्या बोळात वळवणार कशी तू?"

गावात बंदुकांचं दुकान मर्ल हॉजचं. पहिलं पिस्तूल घेणाऱ्याला दुकानामागे नेऊन चालवायला लावल्याशिवाय तो विकत नसे. वर्लानं काचेतल्या इवल्याशा, जांभळ्या मुठीच्या पिस्तुलावर बोट ठेवलं.

"अहो, ते पर्समध्येच शोभतं," मर्ल म्हणाला. "जेवढं हलकं, तेवढं लाथाडतं."

ऐकते कुठली! एका गोळीत मनगट झिणझिणलं. "मेल्यानं गाढवासारखी लाथ घातली की रे!"

दुसऱ्या पिस्तुलात गोळी चढवायला त्याचा वरचा भाग मागे ओढताना तिची संधिवाताची बोटं रडकुंडीला आली. रविवारी तिनं हे सगळं मर्लच्या नकलेसकट सांगितलं. डेल पोट धरून हसला. इतक्या वर्षांनी ते हसू ऐकून तिला मात्र रडू आलं.

पुढच्या खेपेला मर्लनं जुनं, वजनदार, पोलादी रिव्हॉल्व्हर दिलं. ओढाओढ काही नाही, नुसता चाप. धक्का वजनातच जिरला आणि सगळ्या गोळ्या कागदावरच्या वर्तुळात बसल्या.

"जमलं की हो लग्न!" मर्ल म्हणाला.

"मूठ जाड वाटते," वर्ला पुटपुटली.

मूठ काही जाड नव्हती. पण पिस्तूल ठरलं की डेल रविवारी विचारणार तरी काय?

मग हिवाळाभर वर्ला नाकं मुरडत राहिली. हे बुटकं, ते निसरडं, त्याचा आवाजच कर्कश. शेवटी मर्लनं हात जोडले. "बाईसाहेब, दुकान संपलं. आता तोफ मागवू का?" शरमेनं तिनं ते रिव्हॉल्व्हर घेतलं.

"सुटलो बाबा!" डेल म्हणाला. "आता मला घोर नाही." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्ला जेवणाचं ताट घेऊन फोनपाशीच बसायची. स्वतःहून करावा, तर डेल म्हणणार, आई, कामात आहे.

तिसऱ्या रविवारी तिला राहवलं नाही. तिनं नंबर फिरवला.

"आई? कामात होतो गं. काय झालं?"

"काही नाही रे," वर्ला म्हणाली. "ते रिव्हॉल्व्हर... माझ्या हाताला नाही बसत बघ."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "असं? थांब, नीट सांग बघू."